विचारा डॉक्टरांना : खेळणाऱ्या मुली, पाळी आणि हाडं

गेल्या अंकात मी शाळकरी मुलींच्या रक्तक्षयाबद्दल लिहिलं होतं. त्यात ओघात एक वाक्य आलं होतं : खेळणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टरांना दाखवा. त्या एका वाक्यावर देवगडपासून दापोलीपर्यंत इतकी पत्रं आली की हा महिना त्यांनाच द्यायचं ठरवलं. नावं अर्थातच दिलेली नाहीत.

मुलगी १६ वर्षांची, अकरावीला आहे. ३००० आणि ५००० मीटर पळते. रोज पहाटे तारामुंबरीच्या पुलावरून मिठमुंबरीच्या किनाऱ्यापर्यंत आणि तिथून वाळूत, सगळे मिळून दहा किलोमीटर. सात महिने पाळी नाही. सर म्हणतात, लांब पळणाऱ्या सगळ्याच मुलींचं असं होतं, सीझन संपला की येते. सासूबाई म्हणतात, ‘बरां झालां, शिवाशिवीचो तरास नाय.’ वजन ४६ किलो, वर्षभर तेवढंच आहे. खाते व्यवस्थित : सकाळी चहा-खारी, डब्यात दोन चपात्या-भाजी, दुपारी थोडा भात, रात्री भात आणि माशाचं सार. गोड-तेलकट तिने स्वतःच बंद केलंय. महिनाभर उजव्या नडगीत दुखतंय, मलम चोळून पळते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल का? — एक आई, देवगड

ताई, संबंध असण्याची शक्यता दाट आहे. म्हणून आधी करायचं ते आधी सांगते. उद्यापासून तिचं पळणं थांबवा आणि याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. घरी एवढं करून बघा : गुडघ्याखालून घोट्यापर्यंत नडगीच्या हाडावरून अंगठा हळूहळू दाबत न्या. वीतभर पट्ट्यात दुखत असेल तर बहुधा स्नायूंची ओढ आहे. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत ती कळवळली, त्या पायावर एक उडी मारायला घाबरली किंवा रात्री झोपेतही ठणका लागत असेल, तर हाडाला बारीक चीर गेली असं धरून चाला. याला ताणाचं फ्रॅक्चर म्हणतात. पहिले दोन-तीन आठवडे ते एक्स-रेत बहुतेक दिसतच नाही, आणि ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून मुली पुन्हा मैदानात उतरतात. शंका राहिली तर एमआरआय करावा लागतो. आणि दुखणं कधी जांघेत आलं तर एक दिवसही थांबू नका. तिथे मांडीच्या हाडाची मान असते, ती तुटली तर शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नसतं.

आता पाळीकडे येऊ. सात महिने पाळी नाही म्हटल्यावर ‘पळते म्हणून’ असं आपणच ठरवून मोकळं व्हायचं नाही. गर्भधारणेची चाचणी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक, पीसीओएस हा बीजांडकोशाचा विकार, हे सगळं तपासून बाजूला काढावं लागतं. सोळा वर्षांच्या मुलीची गर्भचाचणी म्हटलं की आयांचे चेहरे उतरतात. मी ती प्रत्येकीची करते, त्यात कुणावरही संशय नसतो. या तपासण्या स्वच्छ आल्या तर मग जे उरतं, ते तुमच्या पत्रातल्या जेवणाच्या यादीत दिसतंय.

हिशेब मांडू. तिचं वजन ४६ किलो. चरबी वगळता हाडं, स्नायू, अवयव मिळून साधारण ३८ किलो. पळण्याला किलोमागे, किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी लागते, म्हणजे दहा किलोमीटरला ४६० च्या आसपास. तुम्ही लिहिलेलं खाणं माझ्या अंदाजाने १४०० कॅलरींचं आहे. त्यातून पळण्याच्या ४६० वजा केल्या की उरल्या ९४०, आणि त्या ३८ किलोंना वाटल्या की किलोला पंचवीसही येत नाहीत. पळून झाल्यावर शरीराच्या बाकी कामांना साधारण ४५ हव्यात. ३० च्या खाली गेल्यावर काय होतं ते अ‍ॅन लाउक्स या अमेरिकन संशोधिकेने २००३ मध्ये दाखवलं : नियमित पाळी येणाऱ्या निरोगी तरुणींना अवघे पाच दिवस असं कमी खाण्यावर ठेवलं, तेवढ्यातच मेंदूतून बीजांडकोशाला जाणाऱ्या संप्रेरकाची लय बिघडली.

घरातलं रेशन कमी पडलं की आई आधी सणवार थांबवते, रोजची चूल चालू ठेवते. शरीरही तसंच करतं. हृदय, मेंदू, पळणारे पाय यांना पुरवठा चालू राहतो आणि गर्भधारणेची तयारी थांबते. मेंदूतला हायपोथॅलॅमस वरून इशारे देणं कमी करतो, बीजांडकोश शांत होतात, त्यांच्यातून येणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक घसरतं, पाळी जाते. वजन मात्र तेवढंच राहू शकतं, कारण शरीर आपला खर्चच आवरतं. म्हणून ‘वजन कमी झालेलं नाही’ यावर विसंबू नका. आयांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो.

हाड ही जिवंत गोष्ट आहे. त्यात जुना भाग पोखरणाऱ्या आणि नवा भाग भरणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी सतत काम करत असतात. पोखरणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. तो सुटला की पोखरणं भरण्याच्या पुढे जातं. शिवाय खाणं कमी पडल्यामुळे भरणाऱ्या पेशीही मंदावतात. म्हणजे नुकसान दोन्हीकडून.

१९८४ मध्ये बार्बरा ड्रिंकवॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळी बंद झालेल्या १४ आणि पाळी नियमित असलेल्या १४ खेळाडू मुलींची हाडं मोजली. वय सरासरी पंचविशीचं, व्यायाम सारखा. नियमित पाळीच्या मुलींच्या कण्याची घनता दर चौरस सेंटिमीटरला १.३० ग्रॅम भरली, पाळी बंद असलेल्यांची १.१२. रोज मैलोन्‌मैल पळणाऱ्या, दिसायला ठणठणीत अशा मुली होत्या त्या. पुढे त्यांच्यातल्या काहींनी खाणं वाढवलं, सराव थोडा कमी केला, पाळी परत आली आणि वर्षभरात कण्याची घनता सुमारे सहा टक्क्यांनी वाढली. त्यानंतर मात्र वाढीचा वेग मंदावला आणि पूर्ण भरपाई झाली नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत मला घाई वाटते ती यामुळेच. मुलींच्या हाडांतला जवळजवळ पाव भाग वाढीच्या ऐन भरातल्या दोनच वर्षांत जमा होतो आणि अठरापर्यंत नव्वद टक्क्यांच्या आसपास काम आटोपतं. ती सोळाची आहे. तिची हाडं भरायची वेळ अजून गेलेली नाही, पण फार उरलेलीही नाही.

सरांबद्दल. ते मुद्दाम चुकीचं सांगत नसतील, त्यांनाही त्यांच्या प्रशिक्षकांनी हेच सांगितलं असेल. पण पाळी जाणं हे मेहनतीचं प्रमाणपत्र नव्हे. अमेरिकेची धावपटू मेरी केन २०१३ मध्ये सतराव्या वर्षी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या संघात होती. २०१९ मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं की वजन कमी करण्याच्या दडपणाखाली तिची पाळी तीन वर्षं बंद होती आणि या काळात पाच हाडं मोडली. सरांना हे जरूर सांगा, आणि पुढच्या भेटीला त्यांना सोबत घेऊन जा.

आता उपाय. नडगीला चीर असेल तर सहा ते आठ आठवडे पळणं बंद, चालताना दुखेनासं झाल्यावर हळूहळू सुरुवात. आणि खाणं वाढवायचं. रोज निदान चारशे-पाचशे कॅलरी जास्त, पळणं बंद असतानाही. तुमच्या घरात हे अवघड नाही. पहाटे निघताना उपाशी न सोडता एक केळं आणि शेंगदाण्याचा लाडू. परत आल्या आल्या, अर्ध्या तासाच्या आत, पेलाभर दूध आणि नाचणीची भाकरी लोणी किंवा तूप लावून. चहा-खारीला न्याहारी म्हणू नका. डब्यात दोनाच्या तीन चपात्या आणि उसळ. दुपारच्या भातावर कुळथाची पिठी, तूप, दही. रात्री सार ठेवाच, पण माशाची तुकडीही तिच्या ताटात पडू दे. सार पोरींना आणि तुकड्या पोरांना हे मी पुष्कळ घरांत बघते. कॅल्शियम या वयात दिवसाला साधारण १०५० मिलिग्रॅम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या वर असतं. दूध, दही, तीळ, शेवग्याचा पाला, सुका जवळा, कुरकुरीत तळून काट्यासकट खाल्लेली मांदेली, हे सगळं त्यात भर घालतं. सुक्या मासळीत मीठ फार, तेवढं धुऊन घ्या. पण नुसतं कॅल्शियम वाढवून पोटभर खाण्याची तूट भरत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन पाळी परत आलेली मुलगी मी अजून पाहिलेली नाही. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. समुद्रकाठी राहून कमी कसं, असं लोक विचारतात. ती पळते सूर्य उगवायच्या आत, आणि पावसाळ्याचे चार महिने आभाळ भरलेलं असतं.

पाळी परत यायला काही महिने लागतील. कधी सहा, कधी जास्त. तेवढ्यात धीर सोडू नका आणि सासूबाईंना एवढं सांगा की नातीची पाळी येणं म्हणजे तिची हाडं भरताहेत याची खूण आहे. नातीच्या मोडक्या पायाची गोष्ट म्हटल्यावर आज्या समजून घेतात, हा माझा अनुभव आहे.

मी राजापूर तालुक्यातल्या हायस्कूलमध्ये क्रीडाशिक्षक आहे. मुलींचा कबड्डी संघ चांगला आहे. तुमचं वाक्य वाचून अस्वस्थ झालो, कारण मी आजवर एकाही मुलीला पाळीबद्दल विचारलेलं नाही. पुरुषाने विचारायचं तरी कसं? आणि स्पर्धेआधी ५५ किलोच्या आत यायला मुली दोन-दोन दिवस जेवत नाहीत, त्याचं काय करावं? — एक शिक्षक

सर, तुम्ही लिहिलंत याचा मला फार आनंद झाला. अशी पत्रं आया लिहितात, शिक्षक क्वचित लिहितात.

तुम्ही स्वतः विचारायलाच हवं असं नाही. शाळेतल्या एखाद्या बाईंना सरावाच्या वहीची जबाबदारी द्या. प्रत्येक मुलीची एक छोटी वही, त्यात झोप, दुखणं, सराव आणि पाळीची तारीख. वही बाईंकडेच राहील, तुमच्याकडे फक्त ‘हिला डॉक्टरांकडे पाठवा’ एवढंच येईल. पालकसभेत आयांना हे आधी समजावून सांगा म्हणजे गैरसमज होत नाहीत. वातावरण हळूहळू सैल होतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टर मीराबाई चानूचं कांस्यपदक एका किलोने हुकलं, तेव्हा पाळीचा तिसरा दिवस होता आणि अशक्तपणा जाणवत होता, असं तिने कॅमेऱ्यासमोर सांगितलं. मुलींना हे सांगा. एवढी मोठी खेळाडू बोलते तर आपणही बोलू शकतो, असं त्यांना वाटू दे.

कधी काळजी करायची? पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होतेच, दीड महिन्यापर्यंतचं अंतर या वयात चालतं. पंधरा पूर्ण झाली तरी सुरूच झाली नाही, किंवा सुरू होऊन सलग तीन महिने थांबली, तर पाठवा. हाडाचं दुखणं वारंवार होत असेल तर पाळी ठीक असली तरी पाठवा.

कबड्डीबद्दल एक चांगली गोष्ट. हाडांसाठी हा खेळ उत्तम आहे. हाडाला एकाच दिशेचा, एकाच लयीचा भार लवकर सवयीचा होतो. अचानक थांबणं, वळणं, उडी, धडक अशा वेगवेगळ्या दिशांच्या झटक्यांनी ते मजबूत होतं. खो-खोचंही तेच. जिम्नॅस्टिक करणाऱ्या मुलींची हाडं पाळी अनियमित असूनही दाट निघाल्याची उदाहरणं आहेत, इतका या झटक्यांचा जोर असतो. पण त्यावर भरवसा ठेवून मुलींना उपाशी ठेवायचं नाही.

आणि ५५ किलोंचं. किशोरी गटाची ही मर्यादा आहे, ती आपण बदलू शकत नाही. पण जी मुलगी उंची वाढून ५८ ची झाली तिला पुढच्या गटात न्यायचं, हे तुम्ही करू शकता. वाढीच्या वयात तीन किलो उतरवायला लावणं हे तिच्या हाडांवरचं कर्ज आहे, आणि ते एका चषकासाठी काढायचं नसतं. दोन दिवस न जेवता, पाणी न पिता काट्यावर उभी राहिलेली मुलगी दुपारी चढाईला जाते तेव्हा तिचे पाय लटपटतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असेल. वजन सगळ्यांसमोर करू नका, आकडा मोठ्याने वाचू नका. ‘जाडी झालीस’ हा शब्द मैदानावर बंद. एका वाक्याने मुलींचं जेवण सुटतं. माझ्याकडे आलेल्या मुलींपैकी कितीतरी जणी ते वाक्य, ते कुणी म्हटलं आणि कुठे म्हटलं, सगळं जसंच्या तसं सांगतात.

पाळीच्या दिवसांत खेळू द्यावं का, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. खेळू द्या. तिला खेळावंसं वाटत असेल तर काहीच अपाय नाही, दुखत असेल तर विश्रांती. मात्र स्पर्धेच्या ठिकाणी दार लागणारी मोरी आणि पाणी आहे का हे आधी जाऊन बघून या. नसेल तर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत.

मी २१ वर्षांची आहे, पोलीस भरतीची तयारी करते. मुरूडच्या किनाऱ्यावर रोज १२ किलोमीटर पळते, रात्री जेवण बंद केलंय. पाळी गेली होती. डॉक्टरांनी २१ दिवसांच्या गोळ्या दिल्या, पाच महिने दर महिन्याला वेळेवर येते. म्हणजे आता हाडं सुरक्षित ना? — दापोली

नाही बाळा, दुर्दैवाने तसं नाही.

गोळ्या थांबवल्यावर जो रक्तस्राव होतो तो गोळ्यांचा असतो. तुझे बीजांडकोश अजून झोपलेलेच आहेत, फक्त त्यावर पडदा पडलाय. तुझ्या या गर्भनिरोधक गोळ्यांतलं इस्ट्रोजेन पोटातून यकृतात जातं आणि तिथे हाड वाढवणारा आयजीएफ-१ हा घटक कमी करतं. त्यामुळे हाडांना अपेक्षित फायदा मिळत नाही. बॉस्टनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये पाळी अनियमित किंवा बंद असलेल्या खेळाडू मुलींचा वर्षभर अभ्यास केला. त्वचेवर लावायच्या इस्ट्रोजेनच्या पट्टीने कण्याची आणि खुब्याची घनता वाढली, गोळ्यांनी तसा लाभ झाला नाही. पण पट्टीसुद्धा पहिला उपाय नव्हे. खाणं वाढवून, सराव आवरून बरेच महिने प्रयत्न केल्यावरही पाळी आली नाही तरच तज्ज्ञ तिचा विचार करतात, तीही प्रोजेस्टेरॉनच्या जोडीने. गोळ्या गर्भनिरोधनासाठी हव्या असतील तर ती वेगळी गोष्ट. नसतील तर तुझ्या डॉक्टरांना हे सगळं सांगून त्या थांबवण्याबद्दल विचार.

आणि मला सांग, भरतीत मुलींना पळायचं किती? ८०० मीटर आणि १०० मीटर, आणि गोळाफेक. त्यासाठी रोज बारा किलोमीटर कशाला? आठवड्यातून तीन दिवस ४००-६०० मीटरचे वेगाचे तुकडे, एक दिवस सावकाश पाच-सहा किलोमीटर, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम : बैठका, वजन उचलणं, गोळा. गोळाफेक बऱ्याच मुली शेवटच्या महिन्यावर ढकलतात. वजन उचलण्याने हाडांना जे मिळतं ते लांब पळण्याने मिळत नाही, आणि गुणही वाढतात. वाळूत पळत असशील तर परीक्षेच्या दोन महिने आधीपासून थोडं थोडं कडक मैदानावर ये. एकदम जमीन बदलली की नडग्या भरून येतात. रात्रीचं जेवण आजपासून सुरू कर.

डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करायची का? पाळी सहा महिन्यांहून जास्त बंद होती किंवा ताणाचं फ्रॅक्चर झालं असेल तर करावी. मी माझ्या मुलींना त्यासाठी कोल्हापूरला पाठवते. अहवालावर टी-स्कोर आणि झेड-स्कोर असे दोन आकडे असतात. तुझ्या वयाला झेड-स्कोर बघायचा, तो तुझ्याच वयाच्या मुलींशी तुलना करतो. खेळाडूंची हाडं सरासरीपेक्षा दाट असायला हवीत, म्हणून झेड-स्कोर उणे एकच्या खाली गेला तरी मी सावध होते. गावात फुकट शिबिरात टाच मशिनीत घालून हाडं तपासतात, त्या कागदावरून काहीही ठरवू नकोस. ना घाबरण्यासाठी, ना निर्धास्त होण्यासाठी.

मी समुद्रात पोहते. चिवल्याच्या किनाऱ्यावरच्या स्पर्धांत भाग घेतलाय. पाळी नियमित आहे, खाणं भरपूर आहे. पोहणं सर्वांगाचा व्यायाम, मग मला हाडांची चिंता करायचं कारण नाही ना? — मालवण, वय १९

पाळी आणि खाणं ठीक म्हणजे निम्मी लढाई जिंकलीस. उरलेली निम्मी जमिनीवर आहे. पाणी शरीर उचलून धरतं, त्यामुळे हाडांवर भार येत नाही. हृदयाला, फुप्फुसांना, खांद्यांना पोहण्यासारखं दुसरं काही नाही, पण पोहणाऱ्या मुलींची हाडं अजिबात न खेळणाऱ्या मुलींपेक्षा फारशी दाट नसतात. सायकल चालवणाऱ्यांचंही असंच.

पोहणं सोडू नकोस. त्यात रोज दहा मिनिटांच्या उड्यांची भर घाल. ब्रिटनमध्ये एका अभ्यासात पाळी चालू असलेल्या स्त्रियांना रोज पन्नास उभ्या उड्या, आठवड्यातून सहा दिवस, असं पाच महिने करायला लावलं, तेव्हा मांडीच्या हाडाच्या वरच्या भागाची घनता जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढली. पन्नास उड्या सलग मारायच्या नाहीत. हाडांतल्या पेशी थोड्या झटक्यांनंतर प्रतिसाद देईनाशा होतात, मध्ये वेळ दिला की पुन्हा जाग्या होतात. म्हणून सकाळी पंचवीस, संध्याकाळी पंचवीस. दोरीच्या उड्या, लंगडी, अंगणातली फुगडी, काहीही चालेल. गौरी-गणपतीत आपल्याकडे बायका रात्रभर झिम्मा-फुगडी घालतात तो हाडांचा पक्का व्यायाम आहे. तो चार दिवसांत संपतो, एवढंच मला खटकतं.

शाळेत असताना खो-खो खेळायचे, दहावीनंतर सुटला. आता ५३ वर्षांची आहे, दोन वर्षांपूर्वी पाळी गेली. तेव्हाच्या खेळाचा आता काही उपयोग असेल का? — वेंगुर्ले

आहे. फिनलंडमध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांचे दोन्ही हात तपासले. खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा दाट होतं, आणि पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास खेळायला लागलेल्या मुलींत हा फरक उशिरा सुरू करणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होता. त्या वयात कमावलेलं सगळंच वाहून जात नाही. पाळी गेल्यानंतरची पहिली काही वर्षं मात्र हाड झपाट्याने झिजतं आणि तुम्ही आता त्याच टप्प्यात आहात. रोज चालता असं लिहिलंत, ते चालू ठेवा, पण त्याला वजनाची जोड द्या. सुरुवात भिंतीला टेकून बैठका आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांनी करा, पुढे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली वजन वाढवा.

एक विचारते : तरुणपणी कधी सलग काही महिने पाळी गेली होती का? किंवा फार लवकर, चाळिशीच्या आसपास, अनियमित झाली होती? आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं? यातलं काही असेल तर पासष्टीची वाट न बघता डेक्सा करून घ्या आणि डॉक्टरांना हा इतिहास सांगा. तो कुणी विचारत नाही, म्हणून बायका सांगत नाहीत.

गणपतीत पाळी येऊ नये म्हणून गोळ्या घेते. मुलगी कॉलेजच्या संघात खेळते, तीही स्पर्धेसाठी त्याच घेऊ लागली आहे. हाडं ठिसूळ होतात का? — संगमेश्वर

वर्षातून एकदा पाच-सात दिवस घेतलेल्या गोळ्यांनी हाडांना काही होत नाही. कुणाच्या पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा आजार असेल किंवा डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे प्रकाशाच्या रेघा येत असतील, तर घेऊ नयेत. म्हणून दुकानातून परस्पर न आणता डॉक्टरांना विचारून घ्या.

मुलीचं मात्र वेगळं बघा. जुलैत स्पर्धा, मग गणपती, मग नवरात्र, मग पुन्हा स्पर्धा, असं करत गेली तर तिची स्वतःची पाळी नियमित आहे की बंद पडली आहे हे तिला किंवा मला कळणारच नाही. नवरात्राचे नऊ उपवास आणि सराव एकत्र करत असेल तर तेही मला कळवा. यंदा तिला गोळ्यांशिवाय तीन महिने जाऊ द्या आणि तारखा लिहून ठेवा. तुम्ही घेतलेल्या गोळ्या संपल्यावर साधारण दोन ते तीन दिवसांत, कधी आठवड्याने, पाळी येते. त्याहून उशीर झाला तर आधी गर्भचाचणी करा आणि मग दवाखान्यात या.